सीपीके ५,००० आलाय, घाबरायचं का? अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमधून समजून घेऊया

जानेवारी २०११. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची फुटबॉल टीम साधारण तीन आठवड्यांची सुट्टी संपवून परत आली आणि लगेच वेटरूममध्ये एक वर्कआउट लागला. खांद्यावर बार घेऊन १०० स्क्वॉट मारायचे, आपण एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन उचलू शकतो त्याच्या निम्मं वजन घ्यायचं, आणि हे सगळं घड्याळ लावून. त्याच सेशनमध्ये वर वजन लादलेली स्लेड, म्हणजे जमिनीवर घसरणारी बिनचाकी गाडी, ढकलणं पण होतं. पुढच्या काही दिवसांत टीममधले १३ जण हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट झाले, मांड्या सुजून दगडासारख्या झालेल्या, लघवीचा रंग तपकिरी. निदान झालं रॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायूंच्या पेशी एवढ्या मोठ्या प्रमाणावर फुटणं की त्यांच्या आतलं सगळं रक्तात उतरतं. पुढे मी याला नुसतं रॅब्डो म्हणेन.

जुनी गोष्ट आता कशाला, तर ती थांबलेली नाही म्हणून. २०१७ च्या जानेवारीत ओरेगन विद्यापीठाचे तीन फुटबॉलपटू अशाच वर्कआउटनंतर अ‍ॅडमिट झाले आणि तिथल्या स्ट्रेंथ कोचला महिनाभर बिनपगारी घरी बसवलं, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये टफ्ट्स विद्यापीठाच्या लॅक्रॉस टीमचं तेच झालं. आणि दुसरं म्हणजे मी लॅबमध्ये काम करतो आणि आपल्याकडे जिमला जाणाऱ्या पोरांचे रिपोर्ट रोज बघतो, सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, लाल अक्षरात आला की आईवडील हार्ट अटॅक समजून घाबरतात आणि ज्याला खरंच धोका आहे तो मात्र "अंग दुखतंय, गोळी घेतली" म्हणून घरी बसतो. दोन्ही चुकीचं. हा आकडा नीट कळावा म्हणून कॉलेज फुटबॉलइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण तिथे शंभर-सव्वाशे तरुण, धडधाकट पोरं एकाच दिवशी एकच व्यायाम करतात आणि त्यांचं रक्त तपासलं गेलंय.

## आधी हा फुटबॉल कोणता ते

मेस्सीवाला नाही. अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि पॅड घालून एकमेकांवर धडकायचा, ज्यात पुढच्या फळीतली पोरं सव्वाशे-दीडशे किलोची असतात. सीझन ऑगस्टच्या उन्हाळी कॅम्पने सुरू होतो आणि डिसेंबर-जानेवारीत संपतो, मग थोडी सुट्टी, आणि मग लगेच हिवाळी कंडिशनिंग, म्हणजे ताकद आणि दम वाढवायचा व्यायाम. स्नायूंना इथे दोन बाजूंनी मार बसतो, एक व्यायामाचा आणि एक सरळसरळ टकरीचा, आणि रक्तात दोन्हीची बेरीज दिसते.

## स्नायूत असतं काय, जे रक्तात येतं

स्नायूच्या पेशीत क्रिएटिन कायनेज नावाचं एन्झाइम असतं. आपल्या लॅबच्या रिपोर्टवर ते सीपीके किंवा सीके असं छापतात. काम साधं, स्नायूला एकदम जोर लावायचा असतो तेव्हा काही सेकंदांसाठी लागणारी ऊर्जा पटकन तयार करून देणं. हे पेशीच्या आतच असायला हवं. रक्तात थोडंफार असतंच, पुरुषांमध्ये साधारण २०० युनिटच्या आसपासपर्यंत, लॅबनुसार थोडा फरक. जास्त दिसलं म्हणजे कुठेतरी पेशीचं आवरण फाटलंय, एवढाच त्याचा अर्थ.

आवरण फाटतं कशाने? सगळ्यात जास्त अशा हालचालीने ज्यात स्नायू जोर लावत असतानाच लांब होत जातो. स्क्वॉटमध्ये खाली बसताना मांडीच्या पुढच्या स्नायूचं हेच होतं, वजन पेलत पेलत तो ताणला जातो. सिंहगड चढताना दम लागतो पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरण्यामुळे, ज्यांनी केलंय त्यांना जिना उतरताना आठवत असेल. आता हेच १०० वेळा, खांद्यावर वजन घेऊन, आणि मध्ये थांबायचं नाही कारण घड्याळ चालू आहे. आवरण फाटलं की बाहेरचं कॅल्शियम पेशीत घुसतं, पेशीतली ऊर्जा आधीच संपलेली असल्याने ते बाहेर ढकलता येत नाही, मग पेशीतलीच प्रथिनं कापणारी एन्झाइम्स जागी होतात आणि पेशी आतून मोडायला लागते. म्हणजे वर्कआउट संपल्यावरही नुकसान चालूच राहतं.

## आज व्यायाम, मग आकडा परवा का वाढतो?

हे लोकांना सगळ्यात गोंधळात टाकतं. घाटमाथ्यावरचा पाऊस थांबतो, पुण्यात ऊन पडतं, आणि तरी पंढरपुरात चंद्रभागेचं पाणी चढतच असतं, कारण ते धरणाधरणांतून वाट काढत येतं. सीकेचं अगदी तसंच आहे. तो मोठा रेणू आहे, फुटलेल्या पेशीतून थेट रक्तात शिरत नाही, लसिकेच्या (लिम्फच्या) बारीक वाहिन्यांतून हळूहळू रक्तापर्यंत येतो. त्यामुळे वर्कआउटनंतर लगेच टेस्ट केली तर आकडा बऱ्यापैकी साधा दिसेल, आणि एक ते चार दिवसांच्या मध्ये कुठेतरी तो सगळ्यात वर जाईल. उतरायला लागला की साधारण दर दीड दिवसाला निम्मा.

म्हणून रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न "किती आला" हा नको, "व्यायामानंतर कितव्या दिवशी रक्त दिलं" हा हवा. ३,००० हा आकडा पहिल्या संध्याकाळी आला असेल तर ती काळजीची गोष्ट, चौथ्या दिवशी आला आणि माणूस ठणठणीत असेल तर वेगळी. रिपोर्टवर हा दिवस कुठेच छापलेला नसतो, तो पेशंटने सांगायचा असतो आणि बहुतेक जण सांगत नाहीत, कारण चार दिवसांपूर्वीच्या व्यायामाचा आजच्या रक्ताशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

## मग खेळाडूंमध्ये हजारोंचे आकडे नॉर्मल आहेत का?

२००२ मध्ये एक छोटा पण गाजलेला अभ्यास आला, १२ कॉलेज फुटबॉलपटूंचा, उन्हाळी कॅम्पमध्ये दिवसातून दोनदा प्रॅक्टिस चालू असताना. सुरुवातीला सरासरी सीके ३०० च्या आत होता. चौथ्या दिवशी तो ५,००० च्या वर गेला. नंतर थोडा खाली आला पण दहाव्या दिवशीही सुरुवातीच्या मानाने खूप वरच होता. आणि यातलं कोणी आजारी नव्हतं! पोरं रोज मैदानात उतरत होती. तोच आकडा घेऊन कोणी घरबसल्या माणूस आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत आला असता तर डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं असतं, आणि त्याच्या बाबतीत ते बरोबरच ठरलं असतं.

२००६ च्या आणखी एका प्रयोगात २०० हून जास्त साध्या तरुण लोकांकडून दंडाच्या स्नायूचा हाच लांब-होत-जोर-लावण्याचा व्यायाम ५० वेळा करून घेतला. चौथ्या दिवशी त्यातल्या कित्येकांचा सीके १०,००० च्या वर होता आणि एकाचीही किडनी बिघडली नाही. लक्षात घ्या, तो एकच छोटा स्नायू होता, आणि व्यायाम ५० वर थांबलेला.

अजून एक गोष्ट जी आपल्याकडे फार कमी बोलली जाते. कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये सीके मुळातच सरासरीपेक्षा जास्त असतो, ज्याचे स्नायू मोठे त्याचाही जास्त असतो. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये दोन्ही प्रकारची पोरं भरपूर. म्हणजे लॅबची "नॉर्मल रेंज" ज्यांच्यावरून ठरली ती माणसं आणि ज्यांना आपण तपासतोय ती माणसं वेगळी आहेत. त्यामुळे खेळाडूची तुलना त्याच्याच सुट्टीतल्या, आरामात असतानाच्या आकड्याशी करायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आपल्याकडे हेल्थ चेकअपच्या आदल्या दिवशी लेग डे करून येऊ नका, कमरेत इंजेक्शन घेतलं असेल तरी सांगा, त्यानेही सीपीके वाढतो. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर तेही.

## मग धोका नक्की कशात आहे?

सीके स्वतः कुणालाही काही करत नाही. पेशी फुटल्याची ती फक्त खूण आहे. धोका त्याच्यासोबत बाहेर पडणाऱ्या दोन गोष्टींत आहे.

पहिली पोटॅशियम. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, ते एकदम रक्तात आलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि थांबूही शकतात. याला वेळ लागत नाही, पहिल्या काही तासांतला धोका हाच.

दुसरी मायोग्लोबिन, स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणारं लाल प्रथिन. हे छोटं असल्याने तासाभरात रक्तात येतं, किडनीतून गाळलं जातं आणि साधारण दिवसभरात निघूनही जातं. थोडं असेल तर काही नाही. पण खूप असेल, आणि माणूस घामाने सुकलेला, लघवी घट्ट आणि आम्लधर्मी झालेली असेल, तर ते किडनीच्या बारीक नळ्यांत घट्ट होऊन अडकतं. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले चालू असताना ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी किडनी बंद पडून दगावत होती, तिथल्या डॉक्टरांनी ते नोंदवलं तेव्हा चिरडलेला स्नायू आणि किडनी यांचं नातं पहिल्यांदा नीट पुढे आलं.

लॅबमध्ये हे बघायची एक अगदी स्वस्त रीत आहे. लघवीत कागदी पट्टी बुडवायची, तिच्यावर रक्तासाठीचा जो पिवळा चौकोन असतो तो हिरवा होतो, म्हणजे पट्टी म्हणते रक्त आहे. मग तीच लघवी यंत्रात गरगर फिरवून तळाचा थेंब मायक्रोस्कोपखाली बघायचा, आणि तिथे लाल पेशी एक-दोन किंवा एकही नाही. पट्टीला हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन यातला फरक कळत नाही, म्हणून हा विरोधाभास दिसला आणि पेशंट काल व्यायाम करून आलाय म्हटलं की मी फोन उचलतो, सीपीकेची वाट बघत बसत नाही. उलट बाजूही सांगतो, पट्टी कोरी आली म्हणजे सुटलो असं नाही, कारण मायोग्लोबिन दिवसभरात निघून गेलेलं असू शकतं आणि सीके अजून चढत असतो.

तिसरा एक धोका रक्ताच्या टेस्टमध्ये कळतच नाही. स्नायू एका न ताणणाऱ्या पडद्यात गुंडाळलेला असतो, आत सूज वाढली की तिथला रक्तपुरवठाच दाबला जातो. २०१० मध्ये ओरेगन राज्यातल्याच मॅकमिनव्हिल गावच्या हायस्कूल फुटबॉल कॅम्पमध्ये दंडाच्या मागच्या स्नायूचा व्यायाम अति झाला आणि काही मुलांच्या दंडाला चीर देऊन तो पडदा मोकळा करायला लागला. हातपाय कडक, चकचकीत सुजलेला, बधिर, आणि हलवला की जीव जाईल इतका दुखतोय, असं असेल तर रिपोर्टसाठी थांबायचंच नाही.

## "पण आम्हाला तर लिव्हर खराब आहे म्हणून सांगितलं"

हे फार होतं. एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन नावं आपल्याकडे लिव्हरच्या टेस्ट म्हणूनच ओळखली जातात, पण दोन्ही एन्झाइम्स स्नायूतही असतात, एसजीओटी तर भरपूर. स्नायू फुटला की दोन्ही वाढतात. मग सोनोग्राफी, कावीळचं पथ्य, दारू पितोस का अशी चौकशी, आणि पोरगा बिचारा फक्त जिममध्ये जास्त वेळ थांबलेला असतो. अशा वेळी जीजीटी हे लिव्हरचं दुसरं एन्झाइम बघायचं, ते स्नायूत जवळपास नसतं. जीजीटी आणि बिलिरुबिन साधं, सीपीके वर, तर बोट स्नायूकडे जातं. तसंच क्रिएटिनिन ही किडनीची टेस्ट, क्रिएटिन ही जिमवाले घेतात ती पावडर, आणि क्रिएटिन कायनेज म्हणजे आपला सीपीके, तिन्ही वेगळे. रॅब्डोमध्ये सीपीकेबरोबर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघावंच लागतं, नुसत्या सीपीकेवर निर्णय होत नाही.

## "पोरंच कच्ची असतील, किंवा काहीतरी घेत असतील"

आयोवामध्येही पहिला संशय हाच होता. स्टेरॉइड, सप्लिमेंट, पाणी कमी प्यायले असतील. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली, आणि तिचा निष्कर्ष होता की दोष त्या वर्कआउटचा आहे, खेळाडूंनी काही चुकीचं केलेलं नाही, आणि तो वर्कआउट पुन्हा करू नये. १३ ही जण बरे झाले.

याच्यावर लोक म्हणतात, तो वर्कआउट तर आधीच्या वर्षांतही झाला होता, तेव्हा का नाही झालं? इथे स्नायूचा एक चांगला गुण समजून घ्यायला हवा. एखादा व्यायाम एकदा केला, अगदी थोडासा जरी केला, तरी पुढचे काही आठवडे त्याच व्यायामाने होणारं नुकसान खूपच कमी होतं. फुटबॉल सीझनच्या शेवटाकडे तशाच टकरी खाऊनही सीके सुरुवातीइतका उसळत नाही तो यामुळेच. पण हे संरक्षण त्या त्या प्रकारच्या ताणापुरतं असतं. मैदानात चार महिने धावलेल्या, धडकलेल्या पोराला १०० सलग स्क्वॉट हा नवाच ताण आहे, त्यात तीन आठवड्यांची सुट्टी. फिट असणं आणि त्या व्यायामाला सरावलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रॅब्डो तरण्याताठ्या खेळाडूंना का होतो याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर मला जास्त त्रास देतं. एकटा व्यायाम करणारा माणूस पाय थरथरायला लागले की थांबतो, शरीर त्याला थांबवतं. टीममध्ये तो थांबत नाही कारण शेजारचा थांबलेला नाही, कोच घड्याळ धरून उभा आहे आणि पुढच्या सीझनला टीममध्ये जागा कुणाला मिळणार हे त्याच्याच हातात आहे. शाळेत शिक्षा म्हणून शंभर उठाबशा काढायला लावतात तिथेही तेच, थांबायचा हक्क मुलाच्या हातात नसतो. एका टीममधले तेरा जण एकाच आठवड्यात अ‍ॅडमिट होतात तेव्हा त्यांच्यात काय कमी होतं हे शोधणं सोडा आणि त्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं होतं ते बघा. अमेरिकन कॉलेज खेळांची संस्था एनसीएए हिने २०१७ मध्ये दिवसातून दोनदा पूर्ण प्रॅक्टिस बंद केली ते चांगलंच झालं, पण वर सांगितलेल्या आयोवा आणि ओरेगनच्या घटना ऑगस्टच्या कॅम्पमधल्या नाहीतच, त्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसांतल्या आहेत.

## "मग सगळ्यांचं रोज रक्तच तपासा ना"

पैसे असले तरी उपयोग थोडा. कॅम्पमध्ये सगळ्यांचेच आकडे हजारोंत असणार, त्यातून कुणाला बाहेर बसवायचं हे एकट्या सीकेवरून ठरत नाही, आणि आकडा उशिरा वर येत असल्याने आजच्या प्रॅक्टिसबद्दल तो आज काही सांगत नाही. त्यापेक्षा तीन प्रश्न रोज सकाळी विचारले तर बरं: लघवीचा रंग कसा आहे, दुखणं कालपेक्षा वाढलंय का, कुठे सूज आहे का. साधं अंगदुखणं दोन-तीन दिवसांत कमी होत जातं, हालचाल केली की मोकळं वाटतं. रॅब्डोचं दुखणं वाढत जातं, त्या भागात ताकदच उरत नाही, हात सरळ होत नाही, खुर्चीतून उठता येत नाही. आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली असेल तर घरी बसून पाणी पीत राहू नका, हॉस्पिटलला जा, तिथे शिरेतून भरपूर सलाईन लागतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या तर अजिबात नको, त्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि तोच तर अडचणीत असतो.

## विदर्भ आणि नंदुरबारच्या पोरांसाठी हे महत्त्वाचं

२००६ मध्ये राइस विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू प्रॅक्टिसमध्ये १०० यार्डांच्या लागोपाठ धावा मारल्यानंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याला सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचा वाहकपणा होता, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच तो जीन आलेला, आणि त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं. वाहक माणूस एरवी निरोगी असतो, पण अति जोरात ऑक्सिजन कमी पडला की त्याच्या काही लाल पेशी वाकड्या होऊन स्नायूचा रक्तपुरवठा अडवू शकतात आणि रॅब्डो अतिशय वेगाने होतो. या मृत्यूनंतर एनसीएएने २०१० पासून आपल्या वरच्या गटातल्या खेळाडूंसाठी ही तपासणी सुरू केली. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ च्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं नाही, रॅब्डोचं मात्र साधारण दीडपट निघालं.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार भागात वाहकांचं प्रमाण मोठं आहे आणि २०२३ पासून केंद्राच्या सिकलसेल मोहिमेत तपासणीही होतेय. याच भागातली पोरं पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी उन्हात धावतात, बऱ्याचदा कुणाच्याही देखरेखीशिवाय, शेवटच्या महिन्यात एकदम जोर लावून. वाहक असणं म्हणजे धावायला बंदी नाही, अमेरिकेत वाहक खेळाडू अगदी वरच्या पातळीवर खेळतात. फक्त वेग हळूहळू वाढवायचा, दोन धावांमध्ये पुरेसा दम खायचा, आणि पाय लुळे पडतायत असं वाटलं की तिथेच बसायचं. उन्हाने येणारा गोळा हाताला टणक लागतो, सिकलसेलमध्ये कोसळणाऱ्याचा स्नायू हाताला बऱ्याचदा मऊच लागतो, फक्त ताकद गेलेली असते, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं हा नाटक करतोय. ट्रेनिंग देणाऱ्या दादांना हा एवढा एक फरक माहीत असायलाच हवा.

## बरं झाल्यावर परत कधी?

अमेरिकेत सैन्यातल्या डॉक्टरांनी यासाठी ठरवलेली पद्धत खेळाडूंनाही वापरतात. आधी पूर्ण आराम आणि भरपूर झोप, दर तीन दिवसांनी तपासणी, सीके नॉर्मलच्या पाचपटीच्या खाली म्हणजे साधारण १,००० च्या आत आणि लघवी स्वच्छ होईपर्यंत व्यायाम नाही. मग स्वतःच्या वेगाने हलका व्यायाम, लक्षणं परतली नाहीत तरच वजन. काहीच विशेष नसताना दुसऱ्यांदा रॅब्डो झाला, किंवा आठवडे गेले तरी सीके उतरतच नाही, तर स्नायूचा एखादा आनुवंशिक आजार आहे का ते बघावं लागतं.

आणि ज्यांना काहीच झालेलं नाही पण सुट्टीवरून येतायत त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या स्ट्रेंथ कोचच्या दोन संघटनांनी २०१९ मध्ये कंडिशनिंगचा साधा हिशेब दिला: पहिल्या आठवड्यात नेहमीच्या व्यायामापेक्षा ५० टक्के कमी, दुसऱ्यात ३० टक्के कमी, तिसऱ्यात २०, चौथ्यात १०. गणपतीनंतर किंवा दिवाळीनंतर जिम पुन्हा सुरू करणाऱ्यांनीही हाच हिशेब धरायला हरकत नाही, आणि पहिल्याच दिवशी ट्रेनर शंभर स्क्वॉटचं चॅलेंज लावत असेल तर त्याला सरळ नाही म्हणा.